फी परत मिळणार नाही

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं:
कोणत्याही कारणास्तव फी परत मिळणार नाही.
कारण तसं काहीच नव्हतं.
वेदांगला शुक्रवारी रात्री वाटलं, नको.
ताप नाही, भांडण नाही,
भिंतीकडे तोंड करून नुसतं, नको.

तीन हजार दोनशे, शिवाय हेल्मेट,
शिवाय गुडघ्यांना बांधायच्या त्या वाट्या,
शिवाय महिनाभर बाल्कनीत उभी राहून
कपडे वाळत घालताना माझ्या पोटऱ्या
पेडलनं ओरबाडणारी ती सायकल.
मी कॅम्पच्या रोवीना मॅडमना फोन लावला.
“मुलाऐवजी मी आले तर?”
पलीकडे थोडा वेळ कुणी नव्हतंच जणू.
मग, “वय?”
“सत्तेचाळीस.”
“हातमोजे आणा.”

पहाटे सेक्टर बारातल्या सत्तारभाईला
शटर उघडायला लावलं.
त्यानं सीट चार बोटं खाली घेतली,
साखळीला तेल दिलं, टायर अंगठ्यानं चेपला,
आणि भरलेली हवा थोडी सोडून दिली.
“दगडावर फुगीर चाक उडतं, ताई.”
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, उतरून या, मग बघू.
हातमोजे माझे स्कूटरवरचे, उन्हाचे, फुलाफुलांचे.

खारघरच्या डोंगरावर, चाफेवाडीच्या अलीकडे,
सहा तंबू आणि एकोणीस मुलं.
त्यांनी मला नाश्ता कधी आहे विचारलं.

पहिला दिवस पडण्यात गेला.
उताराला ढुंगण मागे, कोपरं बाहेर,
पेडल आडवे, एकेक बोट ब्रेकवर.
हे सगळं शरीराला एकदम सांगायचं,
आणि शरीर म्हणजे आमचा लेखा विभाग,
या टेबलावरचा कागद त्या टेबलावर जायला तीन दिवस.
करवंदीत गेले. सुकल्या ओहोळात गेले.
एकदा तर उभ्या उभ्याच आडवी झाले.
ओजस नावाचा सातवीतला मुलगा
माझ्या कोपरातले खडे वेचत म्हणाला,
“काकू, तुम्ही दगडाकडे बघता, म्हणून दगडावर जाता.”

रात्री झोप नाही. खाली सगळे सेक्टर पेटलेले,
वरून कुठला बारा, कुठला वीस, कळेना.
आमचं घर शोधलं. सोडून दिलं.
खाडीपलीकडे, उरणच्या अंगाला,
बंदराचा पिवळा उजेड होता.

तिथंच कुठंतरी आमचं मिठागर.
बापाची दांड्याची सायकल, मी नऊ वर्षांची,
दांड्याखालून पाय घालून कैची मारत
बांधावरून जायचे. हातभर रुंद बांध,
डावीकडे पाणी, उजवीकडे मीठ,
खरचटलं की कुठल्याही बाजूला चरचर.
बाप लाकडी फावड्यावर रेलून ओरडायचा,
“फुरं बग गो, चाकान नको बगू!”
आता तिथं कंटेनर एकावर एक रचलेत.
खाली बांध उरलाय का, कुणाला विचारायचं?

रविवारी शेवटची फेरी, कड्याच्या कडेनं,
वाडीच्या बायका फाटी घेऊन उतरतात त्या पायवाटेनं.
मुलं थबकली. दोघं उतरून ढकलू लागली.
हातभर रुंद.
डावीकडे काही नाही, उजवीकडे वाळलं गवत.

पुढचं मला नीट सांगता येत नाही.
हात सैल पडले असणार.
चाकाखाली काय काय गेलं ते चाकाला ठाऊक.
खाली पोचले तर मोरीवर एक बाई,
भारा टेकवून, कमरेवर हात ठेवून,
“वाजवायला घंटी नाय काय तुझ्याकडं?”
नव्हती. या सायकलींना नसतेच म्हणे.
मी चुकलं म्हटलं.
तिनं माझ्या हातांवरची फुलं बघितली
आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

घरी वेदांगनं रंगाचे टवके मोजले, एकही शब्द बोलला नाही.
सोमवारी ऑफिसातून येताना
सत्तारभाईकडून पितळी घंटी बसवून घेतली.
“असल्या सायकलला घंटी?” वेदांग म्हणाला. “कोण लावतं?”
रात्री उशिरा बाल्कनीत ती
एकदाच, हळूच, वाजली.